उमऱ्याची बॅग भरताना विम्याचा कागदही वाचा

पाथरीत आमच्या घरी अब्बा-अम्मीच्या उमऱ्याची तयारी चालू होती तेव्हाची गोष्ट. इशाच्या नमाजनंतर जेवणे आटोपली होती. दस्तरखान उचलतोय तोच धाकट्या भावाच्या मोबाईलवर एजंटने एका अर्जाचा फोटो पाठवला. प्रवास विम्याचा अर्ज होता. नाव, पासपोर्ट नंबर, जन्मतारीख सगळे बरोबर. खाली एक रकाना होता, ‘पूर्वीचे आजार’. त्यापुढे लिहिले होते, ‘नाहीत’.

अब्बांच्या उशाशी गोळ्यांचा डबा होता. अकरा वर्षांपासून शुगर आणि सहा वर्षांपासून ब्लडप्रेशर. भावाने लगेच फोन लावला. एजंट म्हणाला, “भाई, सगळे असेच लिहितात. खरे लिहिले तर हप्ता वाढतो. वय जास्त असले की कंपनी तपासण्या सांगते. त्यात आठवडा जाईल.”

अब्बा ऐकत होते. ते एवढेच म्हणाले, “इहराम बांधायला निघालो आणि पहिलाच कागद खोटा?”

त्या रात्री अर्ज थांबवला. पुढचे चार दिवस मी वेगवेगळ्या कंपन्यांच्या पॉलिसी वाचल्या, जाणकारांना विचारले. जे समजले ते इथे मांडतो. पाथरी, मानवत, सेलू, परभणी या भागातून उमऱ्याला जाणारी बहुतेक मंडळी साठीच्या पुढची असतात. कापसाचे किंवा उसाचे पैसे साठवून, मुलांनी हातभार लावून हा प्रवास होतो. अशा प्रवासात दवाखान्याचे एक मोठे बिल घर खाली बसवू शकते.

व्हिसासोबतचा विमा

अनेकांना माहीत नसते की सौदी अरेबियाच्या उमरा व्हिसाच्या शुल्कातच एक विमा असतो. अचानक उद्भवलेले आजारपण, अपघात, मृत्यू, विमान रद्द होणे किंवा लांबणे अशा प्रसंगांसाठी तो आहे. त्याची मर्यादा १ लाख रियालपर्यंत आहे. एक रियाल साधारण २२ ते २५ रुपयांचा धरला तर ही रक्कम वीस लाख रुपयांच्या वर जाते. म्हणून ‘आमचा विमाच नाही’ असे समजून आजारी माणसाला हॉटेलच्या खोलीत ठेवू नका. व्हिसाची आणि विम्याची छापील प्रत सोबत असू द्या.

पण त्याच्या सीमाही ओळखायला हव्यात. हा विमा तातडीच्या उपचारांसाठी आहे आणि सौदीतल्या मुक्कामापुरता आहे. आपल्याकडून जाणारी बरीच स्वस्त विमाने आखातातल्या दुसऱ्या एखाद्या विमानतळावर बदलावी लागतात. तिथे काही झाले तर या कागदाचा भरवसा धरता येत नाही. बॅग हरवली किंवा निघण्याआधी घरातच कुणी गंभीर आजारी पडून प्रवास रद्द करावा लागला, तर त्यासाठी भारतात घेतलेली वेगळी प्रवास विमा पॉलिसीच कामी येते.

आणखी एक फरक लक्षात घ्या. हज कमिटीमार्फत हजला गेलेल्यांसाठी मक्का आणि मदीनेत भारतीय हज मिशनचे दवाखाने असतात, भारतीय डॉक्टर असतात, आपल्या भाषेत बोलणारे असतात. उमऱ्याला वर्षभरात केव्हाही गेलेल्या माणसाला ही सोय नसते. तिथे तुमचा आधार म्हणजे टूरवाला आणि तुमच्या हातातला कागद.

आपल्याकडची महात्मा फुले जनआरोग्य योजना किंवा आयुष्मान भारत कार्ड परदेशात चालत नाही. इथली साधी मेडिक्लेम पॉलिसीही, तसे स्पष्ट लिहिलेले नसेल तर, देशाच्या सीमेपर्यंतच असते.

जुना आजार: इथेच दावे अडतात

विम्याचा करार एकमेकांच्या सांगण्यावर विश्वास ठेवून होतो. कंपनी तुम्हाला तपासत नाही, तुम्ही लिहिलेले खरे मानते. पण दावा आला की ती कागद मागते. दवाखान्यातला डॉक्टर रुग्णाला पहिलाच प्रश्न विचारतो, “शुगर आहे का? किती वर्षांपासून?” रुग्ण खरे सांगतो आणि ते केसपेपरवर उतरते. अर्जावर ‘नाहीत’ आणि केसपेपरवर ‘अकरा वर्षे’. अशा वेळी दावा नाकारायला कंपनीला दुसरे कारण शोधावे लागत नाही. आमच्या ओळखीतल्या एका घरात हेच झाले. अर्ज एजंटने भरला होता, पण खाली सही त्यांची होती.

विमा नियामक प्राधिकरणाच्या २०२४ च्या नियमांनुसार, पॉलिसी घेण्याआधीच्या ३६ महिन्यांत निदान झालेला किंवा उपचार घेतलेला आजार ‘पूर्वीचा आजार’ धरला जातो. रोजची गोळी चालू असलेला प्रत्येक आजार यात येतो. ‘गोळीने शुगर ताब्यात आहे’ म्हणजे शुगर नाही असे होत नाही.

दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. आजार सांगितला म्हणजे त्याचा खर्च मिळेलच असे नाही. काही पॉलिसींत सांगितलेला जुना आजारही पूर्ण वगळलेला असतो. काहींत तो फक्त जिवावर बेतले तरच, आणि तेही ठरावीक रकमेपर्यंत घेतला जातो. म्हणून विचारायचे प्रश्न दोन आहेत. मी आजार लिहिला आहे ना? आणि लिहिल्यावर त्या आजारासाठी किती मिळेल? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तोंडी घेऊ नका. पॉलिसीतले ते कलम दाखवायला सांगा किंवा ईमेलवर मागवा.

आम्ही विचारले तेव्हा एका कंपनीने शुगर पूर्ण वगळली. दुसरीने डॉक्टरांचे पत्र घेऊन, थोडा जास्त हप्ता लावून, जीवघेण्या प्रसंगापुरते संरक्षण दिले. आम्ही दुसरी घेतली.

आपल्या कामाची कलमे कोणती

जाहिरातीत रकमा मोठ्या अक्षरात असतात. आपल्या प्रवाशाला काय लागेल ते आपणच ठरवायचे.

वैद्यकीय खर्च आणि कॅशलेस: उपचाराची एकूण मर्यादा पाहा. त्याआड खोलीभाडे, शस्त्रक्रिया किंवा वयोगटानुसार वेगळ्या छोट्या मर्यादा लपलेल्या असतात, त्याही पाहा. साठीनंतर किंवा सत्तरीनंतर त्या बऱ्याचदा कमी होतात.

डिडक्टिबल: बिलातली पहिली ठरावीक रक्कम तुम्हीच भरायची असते. छोटा खोकला-ताप यातच संपतो. विमा असूनही पैसे मिळाले नाहीत म्हणून भांडण्याआधी हा आकडा बघावा.

सोबत्याचा खर्च: अम्मी दवाखान्यात आणि गट परत निघाला, तर अब्बांचे हॉटेल, जेवण, नवे तिकीट कोण देणार? आपल्या घरांत नवरा-बायको किंवा आई-मुलगा असे जोडीने जातात. त्यामुळे हे कलम आपल्यासाठी फार मोलाचे आहे.

मृतदेह परत आणणे: हे कलम प्रत्येक पॉलिसीत ठळक असते. मात्र मक्का-मदीनेत वफात झाली तर बहुतेक घरे तिथल्याच मातीला पसंती देतात. उमऱ्यासाठी केवळ या रकमेकडे पाहून पॉलिसी निवडण्यात अर्थ नाही. नोकरीसाठी गेलेल्या तरुणाच्या घरची गोष्ट मात्र वेगळी असते.

अपघात: १७ नोव्हेंबर २०२५ रोजी मदीनेजवळ उमरा यात्रेकरूंची बस तेलाच्या टँकरवर आदळून पेटली. चाळीसहून अधिक भारतीय त्यात गेले, त्यातले बहुतेक हैदराबादचे होते. एकाच घरातली कितीतरी माणसे एका बसमध्ये होती. अपघाती मृत्यूच्या रकमेसाठी वारस म्हणून कुणाचे नाव लिहिले आहे ते पाहा. सोबत प्रवास करणाऱ्या जोडीदाराऐवजी घरी राहणाऱ्या मुला-मुलीचे नाव असणे शहाणपणाचे.

तारखा: पॉलिसी भारतातून निघण्याआधीच घ्यावी लागते. परतीच्या तारखेपुढे दोन-चार दिवस जास्त धरा.

देश बदलला की गणित बदलते. मुलाकडे जर्मनी किंवा फ्रान्सला जायचे असेल तर शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. अमेरिकेत दवाखाना सर्वांत महाग, तिथे कमी रकमेची पॉलिसी घेऊन जाणे म्हणजे छत्री घरी ठेवून पावसात निघणे.

मुळात विमा जायज आहे का?

हा प्रश्न आपल्या घरात विचारला जातोच आणि विचारलाच पाहिजे. व्यापारी विम्यात अनिश्चितता, व्याज आणि जुगाराचा अंश येतो, असा उलेमांचा मोठा आक्षेप आहे. इस्लामी सहकार्य संघटनेच्या जिद्दा येथील फिकह अकादमीने १९८५ मध्ये व्यापारी विमा अमान्य ठरवला आणि परस्पर सहकार्यावर उभा असलेला विमा मान्य केला. यालाच आज तकाफुल म्हणतात. सुदानमध्ये १९७९ साली अशी कंपनी सुरू झाली, मलेशियाने १९८४ मध्ये त्यासाठी कायदा केला. सौदीतल्या विमा कंपन्याही कायद्याने सहकारी पद्धतीच्या आहेत.

भारतात तकाफुलची कंपनी नाही. जिथे कायद्याने किंवा व्हिसाने विमा सक्तीचा आहे तिथे अनेक उलेमा गरज म्हणून परवानगी देतात. ऐच्छिक पॉलिसीबाबत मते वेगळी आहेत. आपण ज्यांच्या इल्मवर भरवसा ठेवतो त्या मुफ्ती साहेबांना पॉलिसीचा कागद दाखवून विचारावे. ज्यांचे मन वळत नाही, त्यांनी वेगळी रक्कम बाजूला ठेवावी आणि गटातल्या घरांनी एकमेकांची जबाबदारी लेखी घ्यावी. पण काहीच न करता ‘अल्लाह मालिक आहे’ म्हणून निघणे हे तवक्कुल नव्हे. उंट मोकळा सोडून तवक्कुल करू का, असे विचारणाऱ्याला प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी आधी उंट बांधायला सांगितले होते. शिदोरीशिवाय हजला येऊन मक्केत लोकांपुढे हात पसरणाऱ्यांच्या संदर्भातच कुरआनने प्रवासाची शिदोरी सोबत घेण्याचा आदेश दिला.

मराठवाड्याला सामूहिक आधाराची ही रीत नवी नाही. निजामाच्या काळात हैदराबाद संस्थानातल्या हाजींसाठी मक्का-मदीनेत रुबात, म्हणजे वक्फची मुक्कामाची घरे उभी राहिली. परभणी जिल्हा त्या संस्थानात होता. आजही मक्केच्या रुबातमध्ये मोफत मुक्कामासाठी जुन्या संस्थानातल्या जिल्ह्यांचे हाजी पात्र असतात. परक्या मुलुखात आपला माणूस उघड्यावर पडू नये, हीच त्यामागची नियत होती.

नोकरीसाठी आखातात जाणाऱ्यांनो

ज्यांच्या पासपोर्टवर ‘इसीआर’ शेरा आहे, म्हणजे साधारणपणे दहावी न झालेले, त्यांना आखाती देशांत कामाला जाताना प्रवासी भारतीय बीमा योजना सक्तीची आहे. दोन वर्षांसाठी २७५ रुपये आणि तीन वर्षांसाठी ३७५ रुपये, वर कर. त्यात अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठी १० लाख रुपये, उपचारांसाठी १ लाखापर्यंत आणि मृतदेह आणण्याचा खर्च आहे. पण व्हिजिट व्हिसावर नेऊन ‘तिथे काम लावून देतो’ म्हणणाऱ्याबरोबर गेलेला तरुण या योजनेत येतच नाही. दोन-तीनशे रुपयांचा हा कागद नाही, म्हणजे बहुधा कायदेशीर नोकरीही नाही, असे समजा.

दावा अडला तर

दवाखान्यात दाखल होताच, शक्यतो २४ तासांच्या आत, पॉलिसीवरच्या मदत क्रमांकावर कळवा. केसपेपर, बिले, पैसे भरल्याच्या पावत्या, बोर्डिंग पास जपून ठेवा. बॅग हरवली तर विमानतळ सोडण्याआधीच विमान कंपनीकडून लेखी नोंद घ्या. कंपनीने दाद दिली नाही तर आधी तिच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार करा, मग नियामकाच्या ‘बीमा भरोसा’वर (टोल फ्री १५५२५५). त्यानंतर विमा लोकपाल आहे. परभणी जिल्ह्यासाठी त्याचे कार्यालय पुण्याला आहे. तिथे वकील लागत नाही, फी नाही आणि ५० लाख रुपयांपर्यंतचा निवाडा होऊ शकतो.

अब्बा-अम्मी अल्हम्दुलिल्लाह सुखरूप परतले. मक्केत अब्बांना खोकला झाला, औषधाच्या दुकानातून सिरप घेतले. खर्च डिडक्टिबलच्या आत होता, त्यामुळे कंपनीकडून एक रुपयाही मिळाला नाही. भाऊ गमतीने म्हणाला, “हप्ता वाया गेला.” अम्मी म्हणाल्या, “असाच वाया जाऊ दे.”

निघताना आम्ही दोघांच्या गळ्यातल्या पिशवीत एकेक कागद ठेवला होता. नाव, रक्तगट, आजार, चालू गोळ्या, पॉलिसी नंबर, मदत क्रमांक, टूरवाल्याचा आणि घरचा फोन. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी, कारण काही वेदनाशामक आणि झोपेच्या गोळ्यांवर सौदीत कडक निर्बंध आहेत. तुमच्या घरातून कुणी निघत असेल तर आज रात्री जेवणानंतर एवढे करा: अर्ज एजंटकडून परत मागवा आणि ‘पूर्वीचे आजार’ हा रकाना, गोळ्यांचा डबा समोर ठेवून, स्वतःच्या हाताने भरा.

अल्लाह सर्वांचा प्रवास सुखरूप करो आणि उमरा कबूल करो. आमीन.