वैमानिकाचे भवितव्य ठरवणारी तारीख

अमेरिकेतील मोठ्या विमान कंपनीत निवड झालेल्या वैमानिकाला पगाराच्या आकड्याहूनही अधिक उत्सुकता असते ती एका तारखेची. त्याची प्रशिक्षणाची तुकडी ज्या दिवशी सुरू होते तो हा दिवस. 'क्लास डेट' या नावाने तो ओळखला जातो. त्या सुमारास कंपनीच्या ज्येष्ठतायादीत जे स्थान मिळते, त्यावर पुढची सारी कारकीर्द उभी राहते. कोणते विमान, कोणते शहर, कोणते मार्ग, नाताळची सुटी कोणाला, कॅप्टनपद केव्हा आणि मंदी आली तर घरी कोणी बसायचे, हे सारे त्या यादीवरून ठरते.

सरकारी कचेऱ्यांमुळे सेवाज्येष्ठता हा शब्द मराठी वाचकाला नवा नाही. मात्र आपल्याकडे ज्येष्ठतेच्या जोडीला गोपनीय अहवाल असतो, साहेबांची मर्जी असते, बदलीसाठी मंत्रालयात घातलेल्या खेपा असतात. अमेरिकी वैमानिकांच्या यादीपुढे यातले फारसे काही चालत नाही. उड्डाणकौशल्याच्या परीक्षा ठरावीक काळाने द्याव्याच लागतात. पण त्यात उत्तीर्ण की अनुत्तीर्ण एवढेच पाहिले जाते. अधिक निष्णात म्हणून कोणी कोणाच्या पुढे जात नाही.

एकाच दिवशी रुजू झालेल्या तुकडीतही क्रम लावावा लागतो. त्याच्या रीती मोठ्या गमतीच्या आहेत. कुठे वयाने मोठा तो पुढे, कुठे सामाजिक सुरक्षा क्रमांकाचे शेवटचे आकडे पाहतात, तर कुठे सरळ चिठ्ठ्या टाकतात. मग तुकडीसमोर उपलब्ध जागांची यादी येते आणि क्रमाने एकेकाने विमान व तळ निवडायचा. शेवटच्याच्या वाट्याला उरेल ते. हे उरलेले बऱ्याचदा न्यूयॉर्क असते! ज्या शहराचे स्वप्न जग पाहते तेथे नवख्यांना सहज जागा मिळते; कारण घरभाडी अवाच्या सवा असलेल्या शहरापेक्षा ज्येष्ठ मंडळी अन्य तळ पसंत करतात.

अशा वेळी अनेक नवे वैमानिक बिऱ्हाड हलवत नाहीत. पत्नीची किंवा पतीची नोकरी, मुलांची शाळा तेथेच राहते आणि वैमानिक कामावर विमानाने ये-जा करतो, तीही रिकामे आसन मिळाले तर. त्यातच नवख्याला 'रिझर्व्ह'वर, म्हणजे राखीव म्हणून राहावे लागते. फोन आला की बहुधा दोनेक तासांत विमानतळावर हजर! त्यासाठी तळाजवळ अनेक जण मिळून एखादी सदनिका भाड्याने घेतात, एकेक खाट वाटून वापरतात. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातील क्यू गार्डन्स ही वस्ती अशा बिऱ्हाडांमुळे 'क्रू गार्डन्स' म्हणूनच प्रसिद्ध झाली.

या ये-जा करण्याची काळी बाजू १२ फेब्रुवारी २००९ रोजी जगासमोर आली. कोलगन एअरचे विमान बफेलोजवळ कोसळून ५० जणांचा बळी गेला. त्या विमानाची सहवैमानिक सिएटलहून रात्रभर प्रवास करून नेवार्कच्या आपल्या तळावर पोहोचली होती. अपघाताचे कारण कॅप्टनची चुकीची प्रतिक्रिया हेच ठरले आणि थकव्याचा वाटा नेमका किती हे तपास मंडळाला सांगता आले नाही. पण वैमानिक कोठे राहतो आणि कोठून उडतो, हा प्रश्न त्यानंतर खासगी राहिला नाही. सहवैमानिकासाठी साधारणपणे १५०० तासांच्या उड्डाणानुभवाची अट २०१३ मध्ये लागू झाली, तिचे मूळही याच अपघातात आहे.

तारखेला एवढे महत्त्व का, हे मंदीत कळते. कपात यादीच्या तळापासून होते. ऑक्टोबर २०२० मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने सुमारे १६०० वैमानिकांना तात्पुरते घरी पाठवले, ते कनिष्ठतेच्या क्रमानेच. उलट २०२२ आणि २०२३ मध्ये भरतीचा पूर आला आणि तेव्हा लवकर शिरलेल्यांच्या खाली बघता बघता हजारो नावे जमा झाली. २०२४ मध्ये बोइंगची विमाने वेळेवर मिळेनात, तेव्हा युनायटेडने मे व जून महिन्यांतील नवी भरतीच थांबवली. कधी सरकारी निर्णयानेही यादी गोठते. डिसेंबर २००७ मध्ये निवृत्तीचे वय ६० वरून ६५ झाले. वरचे हलेनात आणि खालचे कित्येक जण पाच वर्षे जागच्या जागी अडकले.

मग ही पद्धत टिकली कशी? वैमानिकांची संघटना १९३१ मध्ये स्थापन झाली आणि मर्जीतल्यांना चांगली उड्डाणे देण्याच्या व्यवस्थापनाच्या अधिकाराला पुढील करारांनी लगाम घातला. बढती साहेबाच्या हाती नसेल, तर खराब हवामानात 'उडणार नाही' म्हणायला कॅप्टन कचरत नाही. हा युक्तिवाद वजनदार आहे. पण त्याची किंमतही जबर आहे. यादी कंपनीपुरतीच. ईस्टर्न आणि पॅन अॅम या दोन्ही कंपन्या १९९१ मध्ये बंद पडल्या, तेव्हा त्यांच्या मुरलेल्या कॅप्टनांना अन्यत्र नवख्यांच्या रांगेत उभे राहावे लागले.

दोन कंपन्या एकत्र येतात तेव्हा तर यादी रणभूमी होते. यूएस एअरवेज आणि अमेरिका वेस्ट २००५ मध्ये एकत्र आल्या. २००७ मध्ये लवाद जॉर्ज निकोलाऊ यांनी केवळ सेवेची वर्षे न मोजता वैमानिकाचे आपल्या कंपनीतील प्रत्यक्ष स्थान मोजले. परिणामी यूएस एअरवेजचे दीर्घ सेवा झालेले, पण कपातीत घरी बसलेले वैमानिक दुसऱ्या कंपनीत नुकत्याच रुजू झालेल्यांच्याही खाली गेले. संतापलेल्यांनी २००८ मध्ये जुनी संघटना सोडून नवी उभारली. तो निवाडा कधी अमलात आलाच नाही. २०१३ मध्ये अमेरिकन एअरलाइन्समध्ये विलीन झाल्यावर, २०१६ मध्ये एकत्रित यादी ठरली.

मुंबईकरांनी याच कथेचे देशी रूप पाहिले आहे. एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स २००७ मध्ये एक झाल्या, पण वैमानिक दोन गटांतच राहिले. निवृत्त न्यायमूर्ती धर्माधिकारी यांच्या समितीने एकत्रीकरणाचा अहवाल २०१२ च्या आरंभी दिला. त्याच वर्षी ड्रीमलायनरचे प्रशिक्षण इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनाही दिल्यास आपली बढती लांबेल, म्हणून मूळ एअर इंडियाच्या वैमानिकांनी मे ते जुलै असा सुमारे दोन महिने संप केला. परदेशी जाणारी उड्डाणे रद्द होत राहिली आणि खोळंबलेल्या प्रवाशांपैकी अनेकांना, भांडण एका यादीतील क्रमावरून आहे, याची कल्पनाही नव्हती.