बोरीच्या फुलावरची माशी

डिसेंबर 2019 मध्ये टिपेश्वर अभयारण्यातला एक वाघ चालत चालत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. गळ्यातल्या रेडिओ कॉलरमुळे त्याची हजार किलोमीटरांहून लांबची वाट नकाशावर उमटली. पण याच भागातल्या बोरी-हेंकळीच्या फुलांवर येणाऱ्या चार-पाच मिलिमीटरच्या बी-फ्लायचं नाव ठरवायचं, तर आजही शंभर वर्षांपूर्वीचं पुस्तक उघडावं लागतं.

ते पुस्तक 1920 चं. एन्रिको ब्रुनेट्टी पेशाने संगीतकार. कलकत्त्यात राहून त्यांनी इथल्या माश्या अभ्यासल्या आणि ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ मालेत बी-फ्लायचं बॉम्बिलिइडी हे कुळ मांडलं. हे काम मला फार मोलाचं वाटतं. मात्र त्यांच्यासमोर होत्या टाचणीला टोचलेल्या माश्या. सोबतच्या चिठ्ठीवर ठिकाण आणि तारीख असे, फुलाचं नाव सहसा नसे. पुढे 1999 मध्ये इव्हेनह्युइस आणि ग्रेटहेड यांची जागतिक सूची आली, तेव्हा या कुळाच्या जगभरच्या जाती साडेचार हजारांच्या घरात गेल्या.

मग मोबाइलचा कॅमेरा आला आणि जिवंत माशी फुलासकट दिसू लागली. पंख दोनच, म्हणजे मधमाशी नव्हे. पुढे रोखलेली, न दुमडणारी लांब सोंड दिसली की फुलांवर तरंगणारी सिर्फिड माशीही बाद. पाठीला कुबड, अंग सडपातळ, पोट मागे निमुळतं असेल तर गेरॉन प्रजातीची शक्यता मोठी. तिच्या अळ्या पतंगांच्या अळ्यांवर वाढतात. कुळातल्या इतर कित्येक जातींच्या अळ्या एकांड्या मधमाश्यांच्या बिळांत किंवा टोळांच्या अंड्यांवर. म्हणजे फुलावर ही माशी दिसली, की आसपास तिचा यजमान कीटकही नांदत असणार.

फोटोची धाव इथवरच. जात ठरते पंखांतल्या शिरांवरून, मिशांच्या शेवटच्या पेरावरून आणि पुष्कळदा नराच्या जननांगांवरून. वरून टिपलेल्या एका सुंदर फोटोवर जातीचं नाव चिकटवणं मला घाईचं वाटतं; ‘गेरॉन, जात अनिश्चित’ ही नोंद त्याहून खरी.

पाऊस ओसरताना बोरी फुलतात. बुलढाण्याच्या मित्रांनो, तेव्हा माशीचा एक फोटो बाजूने घ्या, एक पसरलेल्या पंखांचा घ्या, आणि झुडपाचं नाव, गाव व वेळ त्यासोबत नक्की लिहून ठेवा.