पोलादाचं स्टूल, पण फुगवलेलं!

पोलिश डिझायनर ओस्कार झ्येंताचं 'प्लॉप' स्टूल पाहिलंय का? दिसतं थेट फुग्यासारखं, पण आहे चक्क पोलादी. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठात संशोधन करताना त्यानं ही पद्धत विकसित केली. दोन पातळ पत्रे लेझरनं एकाच आकारात कापायचे, एकावर एक ठेवून कडेनं वेल्डिंग करायचं आणि आत दाब देऊन फुगवायचे. साचा लागतच नाही! फुगताना कडेला सुरकुत्या पडतात. त्या नेमक्या कुठे पडतील ते पत्राच ठरवतो, त्यामुळे कुठलीही दोन स्टुलं तंतोतंत सारखी नसतात. आणि फुगल्यामुळेच तो पातळ पत्रा माणसाचं वजन आरामात पेलतो. मला हेच सगळ्यात भारी वाटतं. 2017 मध्ये पोलंडमधल्या व्रोत्स्वाफ शहरात ओद्रा नदीतल्या बेटावर याच पद्धतीनं घडवलेलं झ्येंताचं 35 पोलादी कमानींचं 'नावा' शिल्प उभं राहिलं.

याचं अगदी दुसरं टोक म्हणजे ब्रिटनचा डिझायनर मॅक्स लँब. 2006 मध्ये त्यानं कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर ओल्या वाळूत हातानं साचा खणला, तिथेच स्टोव्हवर कथिलाचा मिश्रधातू वितळवून ओतला आणि थंड झाल्यावर वाळूतून स्टूल उकरून काढलं. त्याचा व्हिडिओ आहे, जरूर शोधून बघा.