आवाजाची ओळख आणि न्यायासन

नभोवाणीवर नित्याच्या निवेदकाचा आवाज कानी पडताच, त्याने नाव सांगण्यापूर्वीच, घरातील लहान मूलही त्याला ओळखते. यावरून कान कधी फसत नाही, अशी पुष्कळांची समजूत होते. न्यायालयात मात्र ही समजूत घातक ठरू शकते.

परभणी जिल्ह्यातील एखाद्या आखाड्यावर मध्यरात्री दरोडा पडला आहे, अशी कल्पना करावी. दिवा विझलेला, दरोडेखोरांची तोंडे बांधलेली. घरधन्याने ऐकले ते एवढेच, ‘किल्ल्या काढ!’ काही महिन्यांनी आरोपीचे बोलणे ऐकून ‘हाच तो आवाज’ असे तो शपथेवर सांगतो. त्याचा हेतू शुद्ध असेल. पण चूक होण्यास हेतू अशुद्धच असावा लागतो असे नाही.

अमेरिकन वैमानिक लिंडबर्ग यांच्या अपहृत बालकाचा खटला 1935 साली चालला. 1932 मध्ये रात्री दुरून ऐकलेल्या एकदोन शब्दांवरून त्यांनी आरोपीचा आवाज ओळखला. त्या खटल्यात इतरही पुरावा होता. तथापि या साक्षीने जिज्ञासा जागी झाली. फ्रान्सेस मॅगेही या विदुषीने प्रयोग करून 1937 साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. अनोळखी आवाज दुसऱ्या दिवशी शंभरांपैकी 83 जणांनी बिनचूक ओळखला. पाच महिन्यांनंतर अवघ्या 13 जणांनी!

आवाजाची ओळख आपल्या कायद्यास सर्वथा वर्ज्य नाही. वर्षानुवर्षे शेजारी राहिलेल्या माणसाचा आवाज ओळखणे वेगळे आणि क्षणभर ऐकलेला परका आवाज ओळखणे वेगळे. मुंबईत माहीम येथे 1999 साली माजी महापौरांवर गोळीबार झाला. त्या खटल्यात दूरध्वनीवरील मुद्रित संभाषणांतील आवाज ओळखल्याची साक्ष पुढे आली. 2011 साली सर्वोच्च न्यायालयाने ती विश्वासार्ह मानली नाही व अपील करणाऱ्या आरोपीस निर्दोष ठरविले. ओळखपरेडीत आरोपीस इतर माणसांत मिसळून उभे करतात. आवाज ओळखताना तशी कोणतीच दक्षता घेतली गेली नव्हती, हे न्यायालयाने दाखवून दिले.

आरोपीच्या आवाजाचा नमुना घेण्याचा आदेश दंडाधिकारी देऊ शकतो, असा निर्णय 2019 साली झाला. 1 जुलै 2024 पासून अंमलात आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेतही तशी तरतूद आहे. नमुन्यामुळे तुलनेस आधार मिळतो. पण तज्ज्ञाचे मतही अखेर मतच असते.

तेव्हा साक्षीदारास आपल्या ओळखीची किती खात्री वाटते, एवढे विचारून भागत नाही. त्याने तो आवाज पूर्वी किती वेळा ऐकला होता, गुन्ह्याच्या वेळी किती शब्द ऐकले, मध्ये किती काळ लोटला, आणि अनेक आवाजांतून तो निवडला काय, हे विचारावयास हवे. कारण त्या उत्तरांवर एका माणसाचे स्वातंत्र्य अवलंबून असते.