बंदिस्त सरीसृपांचे कृत्रिम प्रजनन : तंत्र, मर्यादा आणि इगतपुरी परिसर

प्रस्तावना :
इगतपुरी तालुका हा सह्याद्रीच्या माथ्यावरील मुसळधार पावसाचा व भातशेतीचा प्रदेश आहे. पावसाळ्यापूर्वी येथे बांधांची दुरुस्ती चालते. नाग व धामण यांचा अंडी घालण्याचा काळही साधारणतः तोच असतो. बांध खणताना किंवा जुनी भिंत पाडताना उघडी पडलेली अंडी वाचविता येतात काय, हा प्रश्न सरीसृपांच्या कृत्रिम प्रजननशास्त्राशी निगडित आहे. या शास्त्राचे स्वरूप व मर्यादा स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश होय.

अंडी उबविण्याचे तंत्र :
कोंबडी आपली अंडी वरचेवर फिरविते. सरीसृपांच्या बाबतीत मात्र हेच घातक ठरते. अंडी घातल्यानंतर थोड्याच काळात भ्रूण कवचाच्या आतील पटलास चिकटतो; अंडे उलटल्यास तो मरण्याची शक्यता असते. म्हणून अंडी उचलण्यापूर्वी वरच्या बाजूस पेन्सिलीने खूण करून ती त्याच स्थितीत ठेवावी लागतात. ओलसर भुसभुशीत माध्यम, पुरेशी हवा आणि सुमारे २८ ते ३२ अंश सेल्सिअस तापमान मिळाल्यास नागाची अंडी साधारण दोन महिन्यांत फुटतात. अजगराची मादी हे काम स्वतःच करते. ती अंड्यांभोवती वेटोळे घालून स्नायूंच्या आकुंचनाने ऊब निर्माण करते.

तापमानाचे महत्त्व येथेच संपत नाही. सापांमध्ये पिल्लाचे लिंग गुणसूत्रांवर ठरते, तर मगरीमध्ये ते उबवणीच्या तापमानावर ठरते. सुमारे ३१ अंशांपर्यंत माद्या, तर ३२.५ अंशांच्या आसपास बहुतांश नर निपजतात. १९७५ साली सुरू झालेल्या भारतीय मगर प्रकल्पात रानातील अंडी गोळा करून, पिल्ले वाढवून नद्यांमध्ये सोडण्यात आली. अशा प्रकल्पात उबवणी पेटीतील एका अंशाची चूक संपूर्ण पिढीचे लिंगगुणोत्तर बिघडवू शकते.

घोणस, फुरसे व चापडा हे साप मात्र थेट पिल्ले देतात. तेथे उबवणी पेटीचा उपयोग नाही; गर्भवती मादीस योग्य ऊब, पाणी व शांतता देणे हाच उपाय उरतो.

मीलन व कृत्रिम रेतन :
बंदिस्त जागेत ऋतुबदल जाणवत नसल्याने अनेक जाती मीलनास प्रवृत्त होत नाहीत. त्यासाठी काही आठवडे तापमान उतरवून नंतर वाढविले जाते. सर्पमाद्या शुक्राणू दीर्घकाळ साठवू शकतात. म्हणून रानातून आणलेल्या मादीने अंडी घातली, एवढ्यावरून बंदिवासात प्रजनन झाले असे म्हणता येत नाही. कृत्रिम रेतनाचे यश अद्याप मर्यादित आहे. चीनमधील सुझोऊ प्राणिसंग्रहालयातील यांगत्से महाकासवाची त्या वेळी ज्ञात असलेली अखेरची मादी एप्रिल २०१९ मध्ये अशाच प्रयत्नानंतर मरण पावली.

कायदा व उद्दिष्ट :
वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील 'प्राणी' या संज्ञेत सरीसृपांच्या अंड्यांचाही समावेश होतो. म्हणजेच सापडलेली अंडी परस्पर घरी उबविणे हे सद्हेतूनेही योग्य नाही. वनविभागास कळविणे आवश्यक आहे. हौसेसाठी किंवा विक्रीसाठी देशी सापांची पैदास करण्यास तर आधारच उरत नाही.

सर्पदंशावरील औषधाचा विचार मात्र वेगळा आहे. प्रतिसर्पविषासाठी लागणारे विष प्रामुख्याने तामिळनाडूतील सापांपासून मिळत आले आहे, आणि एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशानुसार बदलते. भातखाचरात काम करणाऱ्या शेतकऱ्याच्या दृष्टीने ही तफावत जीवनमरणाची ठरू शकते. महाराष्ट्रातील नाग, मण्यार, घोणस व फुरसे यांचे अधिकृत संगोपन व प्रजनन झाल्यास स्थानिक विषाचा अभ्यास रानातील सापांवर भार न टाकता करता येईल.

निष्कर्ष :
कृत्रिम प्रजनन हे साधन आहे, साध्य नव्हे. धोक्यात आलेली अंडी वाचविणे, विरळ जाती टिकविणे व औषधनिर्मितीस साहाय्य करणे हीच त्याची रास्त प्रयोजने होत. पेटीत जन्मलेल्या पिल्लास सोडण्यासाठी बांध, झुडपे व बिळे शिल्लक राहिली नाहीत, तर उत्तम तंत्रही निष्फळ ठरेल. म्हणून प्राणिशास्त्राच्या अध्यापनात या तंत्रासोबत स्थानिक अधिवासाच्या अभ्यासालाही स्थान मिळणे अगत्याचे आहे.