कागदावरचे भूकंप

शोधनिबंध शेवटून वाचायची मला जुनी खोड आहे. आधी संदर्भसूची, मग निष्कर्ष, आणि वेळ उरला तर मधली समीकरणे. द्वीपकल्पीय भारतातल्या भूकंपांवरचे इंग्रजी निबंध असे उलटे वाचताना एक नोंद पुन:पुन्हा भेटते. गुटेनबर्ग, रिश्टर, ऑल्डहॅम अशा भूकंपशास्त्रज्ञांच्या रांगेत अचानक एक ओळखीचे आडनाव येते : केळकर, य. न., १९६८, महाराष्ट्रातील गेल्या तीनशे वर्षांतले भूकंप, 'केसरी', पुणे.

हे यशवंत नरसिंह केळकर, म्हणजे साहित्यसम्राट न. चिं. केळकरांचे चिरंजीव आणि 'ऐतिहासिक पोवाडे'चे संपादक. भूशास्त्राशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे भूकंपाने कोयनानगर कोसळले आणि जानेवारीत त्यांचा हा लेख 'केसरी'त आला. एका मराठी वर्तमानपत्रातला लेख भूकंपशास्त्राच्या संदर्भसूचींत जाऊन बसला. हे मला गमतीचे वाटत आले आहे, आणि थोडे काळजीचेही. केळकरांच्या विद्वत्तेबद्दल शंका नाही. पण एवढा मोठा डोलारा किती थोड्या खांबांवर उभा आहे, ते अशा नोंदीतून दिसते.

एखाद्या प्रदेशाला भूकंपाचा धोका किती, हे ठरवायला तिथे आजवर झालेल्या भूकंपांची यादी लागते. लहान धक्के पुष्कळ आणि मोठे थोडे. त्यांच्यात एक ठरावीक प्रमाण सापडते आणि त्यावरून अजून न आलेल्या मोठ्या भूकंपाचा अंदाज बांधतात. भारतातले पहिले भूकंपमापक यंत्र १८९८ साली कोलकात्यात अलिपूरला बसले. म्हणजे यंत्राची साक्ष जेमतेम सव्वाशे वर्षांची. दख्खनसारख्या भागात मात्र एकाच भ्रंशावरच्या, म्हणजे खडकातल्या एकाच फटीवरच्या, दोन मोठ्या भूकंपांमध्ये हजारो वर्षे जाऊ शकतात. मधली पोकळी काही अंशी तरी कागदांनीच भरावी लागते. आणि कागद म्हटला की सांगोवांगी आली, नकलनविसाच्या चुका आल्या, आकड्यांना फुटलेले पायही आले.

भारतातल्या भूकंपांची पहिली मोठी यादी थॉमस ऑल्डहॅम यांची. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे हे पहिले प्रमुख. प्राचीन काळापासून १८६९ अखेरपर्यंतच्या भूकंपांच्या नोंदी त्यांनी जमवल्या, पण छापून झालेल्या त्यांना पाहता आल्या नाहीत. १८७८ मध्ये ते वारले. पुत्र रिचर्ड डिक्सन ऑल्डहॅम त्याच खात्यात होता. त्याने संपादन करून १८८३ मध्ये वडिलांची यादी प्रसिद्ध केली. पुढच्या जवळजवळ प्रत्येक भारतीय भूकंपसूचीची मुळे या पानांपर्यंत जातात.

याच यादीत १७३७चा कलकत्त्याचा भूकंप आहे. या भूकंपाने तीन लाख माणसे मारली, असे पुढे शंभराहून अधिक वर्षे पाठ्यपुस्तके आणि ज्ञानकोश सांगत राहिले. जगातल्या सर्वांत प्राणघातक भूकंपांच्या पंक्तीत त्याला मानाचे पान होते. हा आकडा आला कुठून? लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'ने १७३८ मध्ये एक वृत्तान्त छापला होता. गंगेच्या मुखाशी ११ ऑक्टोबरच्या रात्री भयंकर तुफान झाले, त्याच वेळी भूकंप झाला, वीस हजार गलबते-होड्या बुडाल्या आणि तीन लाख माणसे गेली, असा त्याचा सारांश. त्याच वृत्तान्तात आणखी एक गोष्ट आहे. वादळात सापडलेल्या एका जहाजाच्या तळघरातून माल काढायला एक खलाशी उतरला, तो परतला नाही. त्याच्या पाठोपाठ दुसरा गेला, मग तिसरा. अखेर दिवे घेऊन पाहिले तर आत अवाढव्य मगर, आणि तिला मारून पोट फाडल्यावर तिघेही आत! मगरीची गोष्ट कोणत्याच भूकंपसूचीत गेली नाही. तिच्या शेजारचा तीन लाखांचा आकडा मात्र सगळ्यांनी निमूटपणे उचलला.

अमेरिकेतले भूकंपशास्त्रज्ञ रॉजर बिल्हॅम यांनी १९९४ मध्ये या प्रकरणाचा छडा लावला. ईस्ट इंडिया कंपनीची बंगालमधली कागदपत्रे काढली, तर त्यांत वादळ होते, पूर होता, भूकंप नव्हता. कंपनीच्या जकातीचे काम पाहणाऱ्या थॉमस जोशुआ मूर याने शहरातली गवती छपरांची जवळजवळ सारी घरे गेल्याचे आणि तीन हजार माणसे मेल्याचे लिहिले होते. त्या काळी कलकत्त्याची सगळी वस्तीच फार तर वीस हजार. तिथे तीन लाख मरणार कोण? ऑक्टोबर हा बंगालच्या उपसागरात चक्रीवादळांचा महिना. समुद्र आत शिरला, त्रिभुज प्रदेशातली गावे आणि होड्या गेल्या, आणि लंडनला बातमी पोचेपर्यंत वादळाला भूकंपाची जोड मिळाली. त्या रात्री एखादा धक्का बसलाच नाही, असे छातीठोकपणे सांगता येत नाही. पण इतिहासातला तो महाभूकंप म्हणजे महावादळ होते, हे मानायला आता अडचण उरलेली नाही.

असे एक प्रकरण आपल्या दारातही आहे. मे १६१८, मुंबई : दोन हजार माणसे आणि साठ गलबते नष्ट. जुन्या नोंदीत तुफान आणि भूकंप जोडीने येतात. नंतरच्या याद्यांत तुफान गळते, भूकंप राहतो, आणि कोणीतरी त्याला तीव्रतेचा आकडाही चिकटवतो. मेचा उत्तरार्ध हा अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांचा हंगाम. समकालीन वर्णनांत वारा आणि गावात शिरलेला समुद्र आहे. मला तरी हा १७३७चाच थोरला भाऊ वाटतो. मुंबईच्या धोक्याचे गणित मांडताना ही नोंद घ्यायची की वगळायची, यावर उत्तर बरेच बदलू शकते.

धाकट्या ऑल्डहॅमची हकिगत वेगळी आहे. १२ जून १८९७च्या आसाम भूकंपानंतर त्याने कागदांवर विसंबून न राहता डोंगर तुडवले. चेद्रांग नदीच्या काठी जमीन फाटून एक बाजू तब्बल ३५ फूट वर उचलली गेल्याचे त्याने नोंदवले. त्याचा १८९९चा अहवाल आजही अभ्यासक समोर ठेवतात. २००१ मध्ये बिल्हॅम आणि फिलिप इंग्लंड यांनी जुन्या त्रिकोणमितीय मोजणीच्या नोंदी पुन्हा तपासल्या आणि शिलाँग पठाराच्या उत्तर कडेला जमिनीखाली दडलेला एक भ्रंश सुचवला. नाव दिले ऑल्डहॅम भ्रंश. भूवैज्ञानिक सी. पी. राजेंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तो पटला नाही. हा वाद शमलेला नाही.

यादीत खोटी नोंद घुसणे हा एक रोग झाला. खरी नोंद नसणे हा त्याहून घातक, आणि त्याची किंमत महाराष्ट्राने मोजली. भारतीय मानक संस्थेने १९६२ मध्ये देशाचा भूकंपप्रवण नकाशा काढला तेव्हा शून्य ते सहा असे सात पट्टे केले. शून्य म्हणजे भूकंपाची भीती नाही! दख्खन म्हणजे अचल, पक्के, म्हातारे पठार, हा समज भूगोलाच्या पुस्तकांतून सगळ्यांच्या अंगात मुरला होता. कोयनेचा परिसर नकाशाच्या तळाच्या पट्ट्यांत गेला. कोयना धरणाचा आराखडा करताना भूकंपाचा गुणांक, म्हणजे वजनाच्या किती पट आडवा जोर सोसायचा तो आकडा, धरला होता ०.०५. ११ डिसेंबरला धरणातल्याच यंत्राने जमिनीचे कमाल त्वरण नोंदवले गुरुत्वाकर्षणाच्या ०.६३ पट. हे दोन आकडे थेट एकमेकांपुढे ठेवता येत नाहीत, तरी त्यांच्यातले अंतर पुरेसे बोलके आहे. धरणाला भेगा पडल्या, पण ते टिकले. सुमारे दोनशे माणसे गेली.

मग वाद पेटला : हा भूकंप धरणामुळे झाला का? धरणाच्या शिवाजीसागर जलाशयात पाणी साठू लागल्यावर हादरे सुरू झाले, हे उघड होते. हर्ष गुप्ता आणि हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेतल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी पाण्याची पातळी आणि हादरे यांचा संबंध चिकाटीने मांडला. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की सह्याद्री पूर्वीही हलत होता, धरणाला कशाला दोष? केळकरांच्या यादीचे मोल इथे कळते. जुने धक्के खरे असतील तर 'अचल दख्खन' हा समज खोटा ठरतो. पण त्याने धरण निर्दोष सुटत नाही, कारण १९६७ पासूनचे हादरे अंदाजे २० बाय ३० किलोमीटरच्या टापूत दाटीवाटीने येत राहिले आहेत. खडकात ताण आधीच साठलेला होता, पाण्याने त्याला वाट करून दिली, हे मत आता बहुतेक अभ्यासकांना मान्य आहे. हे नेमके कसे घडते ते पाहायलाच पुढे कोयना परिसरात गोठणे येथे तीन किलोमीटर खोल वेधछिद्र घेतले गेले.

१९७०च्या नकाशातून शून्य पट्टा हद्दपार झाला आणि कोयना चौथ्या पट्ट्यात चढली. मराठवाडा मात्र पहिल्यातच राहिला. तिथल्या किल्लारीला मोठ्या भूकंपाच्या वर्षभर आधीपासून हादरे जाणवत होते. ३० सप्टेंबर १९९३, अनंत चतुर्दशीची रात्र उलटून पहाटेचे चार वाजत आलेले. दगडमातीच्या रुंद भिंती आणि त्यांवरची माळवदे झोपलेल्या माणसांवर आली. सरकारी आकडा आठ हजारांच्या घरातला. धक्का ६.२च्या आसपासचा, बांधणी नीट असती तर इतकी माणसे मरण्याचे कारण नव्हते. किल्लारी तिसऱ्या पट्ट्यात गेली, तीही २००२ मध्ये. पुढे राजेंद्रन यांनी तिथली जमीन तपासली. किल्लारीपासून फार दूर नसलेल्या तेरच्या प्राचीन अवशेषांतही त्यांना हजारेक वर्षांहून जुन्या भूकंपाच्या खुणा दिसल्या.

आपला नकाशा भूकंपाच्या मागून धावतो, हे माझे स्पष्ट मत आहे. कारण कागद गप्प आहे म्हणजे जमीनही गप्प होती, असे आपण धरून चाललो. उलट, नकाशा अचूक असला म्हणजे काम भागते, असेही नाही. कच्छमधले भूज आधीपासून सर्वोच्च पट्ट्यात होते, तरी २६ जानेवारी २००१च्या भूकंपात तिथल्या इमारती पत्त्यांच्या बंगल्यांसारख्या कोसळल्या.

तेव्हा दोन कामे हवीत. भूशास्त्रज्ञांनी भ्रंशांवर चर खणून जमिनीची वही वाचावी, आणि मोडी लिपी जाणणाऱ्यांनी त्यांच्या शेजारी बसून केळकरांच्या यादीतली एकेक नोंद मूळ कागदापर्यंत नेऊन तपासावी : धक्का खरा की वादळ, तारीख कुठली, पडझड कोणत्या गावी. हे काम खर्चिक नाही, वेळखाऊ मात्र आहे. आणि आपल्या घरच्या दप्तरात, देवळाच्या दुरुस्तीच्या हिशोबात किंवा आजोबांच्या रोजनिशीत धरणीकंपाचा उल्लेख सापडला, तर कागद रद्दीत घालू नका. तारीख आणि गाव टिपून घ्या आणि त्याची एक प्रत जवळच्या इतिहास संशोधन मंडळात किंवा विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागात पोचवा.