संकेतस्थळाचे नाव : निवडावे कसे आणि ठेवावे कोणाच्या नावावर?



आपल्या कार्यक्षेत्रातील शेतकरी आता नुसता ऊस लावून कारखान्याला घालणारा राहिलेला नाही. कोणी उसाची रोपवाटिका घातली आहे, कोणी रसायनाशिवाय गूळ करतो, कोणाचा बेदाणा आहे, कोणाची हळद. महिला बचत गटांची काकवी आणि गुळाची पावडर पुण्या-मुंबईच्या घराघरांत जाऊ लागली आहे. गिऱ्हाईक माल चाखतं, पसंत करतं आणि मग हमखास विचारतं, "तुमची वेबसाइट आहे का हो?"

घरात शिकलेली मुले आहेत, सुना आहेत. वेबसाइट म्हणजे संकेतस्थळ तयार करणे त्यांना अवघड नाही. परंतु संकेतस्थळाच्या आधी त्याचे नाव येते. या नावाला डोमेन म्हणतात. पुष्कळ ठिकाणी हे नाव संध्याकाळी जेवणानंतर, पाच मिनिटांत, सुचेल ते टाकून घेतले जाते. पुढे तेच नाव खोक्यांवर, पावत्यांवर, टेम्पोच्या पाठीवर छापले जाते आणि मग बदलता येत नाही. म्हणून या विषयाची थोडी सविस्तर माहिती देण्याचे आम्ही योजिले आहे.

नाव खंडाने मिळते, विकत नाही

इंटरनेटवरील प्रत्येक संगणकाला एक आकडी पत्ता असतो. आकडे माणसाच्या ध्यानात राहत नाहीत, म्हणून आकड्यांऐवजी नावे वापरण्याची आजची व्यवस्था १९८३ साली अमेरिकेतील पॉल मॉकापेट्रिस यांनी मांडली. 'डॉट कॉम'चे पहिले नाव १५ मार्च १९८५ रोजी सिम्बॉलिक्स या संगणक कंपनीने नोंदविले. आपल्या देशाचे 'डॉट इन' सर्वांसाठी खुले झाले ते २००५ मध्ये. त्याचे दप्तर नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया ही संस्था सांभाळते. आपण नाव घेतो ते मात्र नोंदणी करून देणाऱ्या मान्यताप्राप्त कंपन्यांकडून.

येथे एक गोष्ट पक्की समजून घ्यावी. "मी डोमेन विकत घेतलं" असे आपण म्हणतो, पण ते खरे नाही. नाव खंडाने मिळते. एका वर्षापासून जास्तीत जास्त दहा वर्षांपर्यंतचा खंड एका वेळी भरता येतो. खंड वेळेवर भरत राहाल तोवर नाव तुमचे. चुकलात तर ते सुटते आणि जो आधी येईल तो घेतो. पहिल्या वर्षाचा दर पुष्कळदा अगदी कमी सांगतात आणि दुसऱ्या वर्षापासून तो चढतो. तेव्हा घेतानाच नूतनीकरणाचा दर विचारून घ्यावा.

फोनवर सांगून पाहावे

चांगल्या नावाची पहिली परीक्षा अशी. नाव ठरले की गावाबाहेरच्या एखाद्या पाहुण्याला फोन लावावा, नाव एकदाच सांगावे आणि त्याला इंग्रजी अक्षरांत लिहून परत पाठवायला सांगावे. त्याने बरोबर लिहिले तर नाव चालेल. चुकले तर गिऱ्हाईकही तसेच चुकणार.

ही अडचण आपल्याला जरा जास्तच आहे, कारण नाव मराठी आणि लिहायचे इंग्रजी अक्षरांत. आपला 'गूळ' घ्या. कोणी जी-यू-एल लिहितो, कोणी जी-ओ-ओ-एल. 'ळ' तर इंग्रजीत नाहीच. बरं, जी-यू-एल लिहिले तर हिंदी मुलखातील माणूस ते 'गुल' वाचणार, म्हणजे फूल. 'ऊस' लिहायला जावे तर यू-एस होते आणि वाचणाऱ्याला अमेरिका आठवते. 'कृषी'मध्ये आर नंतर आय की यू, 'वाडी'ला डब्ल्यू की व्ही, 'श्री'ला शेवटी दोन ई की एक आय, या प्रत्येक ठिकाणी गिऱ्हाईक वाट चुकू शकते.

दोन शब्द जोडतानाही जपावे. नावात मोकळी जागा सोडता येत नाही. 'आशा ॲग्रो' हे नाव कानाला गोड आहे, परंतु जोडून लिहिले की मध्ये दोन ए शेजारी येतात आणि ऐकणारा एकच लिहितो. मध्ये आडवी रेघ टाकण्याची मुभा आहे, सुरुवातीला किंवा शेवटी मात्र चालत नाही. पण "मध्ये डॅश बरं का" असे प्रत्येकाला सांगत बसावे लागते, म्हणून ती शक्यतो टाळावी. आकड्यांचेही तसेच. 'सात' अक्षरांत की आकड्यात, हा घोळ नको.

लांबीची मर्यादा टिंबाच्या अलीकडे ६३ अक्षरांची आहे. ती आहे म्हणून वापरावीच असे नाही. गुजरातेतील दूध उत्पादकांच्या सहकाराचे 'अमूल' हे नाव पाहा. इंग्रजीत चार अक्षरे, आणि नाव तेच संकेतस्थळावर. एखादे छोटे, बोलायला सोपे नाव सापडले आणि त्याचे दोन प्रकारे स्पेलिंग होत असेल, तर दोन्ही घेऊन एकाच संकेतस्थळाकडे वळवावीत. वर्षाला थोडा खर्च वाढतो, पण गिऱ्हाईक परत जात नाही.

मालाचे, गावाचे की घराचे?

मालाचे नाव घेतले तर काय विकता ते लगेच कळते. पण आज गूळ आहे, उद्या मुलगा हळद सुरू करील. मग गुळाच्या नावाखाली हळद विकावी लागते. पाच-दहा वर्षांपुढचा धंदा डोळ्यांसमोर आणून नाव ठरवावे.

गावाच्या किंवा जिल्ह्याच्या नावाला मान आहे, परंतु ते एकट्याचे नसते. 'कोल्हापूर गूळ' याला २०१४ मध्ये आणि सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. १९९९ च्या कायद्याप्रमाणे असे मानांकन त्या भागातील उत्पादकांचे सामाईक असते आणि त्याचा वापर करण्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते. तेव्हा मानांकनाचे नाव डोमेनमध्ये घालण्यापूर्वी ही नोंद करून घ्यावी.

घराचे, मळ्याचे किंवा आपणच बनवलेले नाव हे आमच्या मते सर्वांत टिकाऊ. कुठलाही माल त्याखाली बसतो आणि दुसऱ्याशी गल्लत होण्याचे भय कमी.

टिंबापुढचे काय?

'डॉट कॉम' लोकांच्या तोंडी बसलेले आहे, मिळत असेल तर घ्यावे. देशातच माल विकायचा असेल तर 'डॉट इन' तितकेच चांगले आणि त्यात मनासारखे नाव मिळण्याची शक्यता अधिक. जमल्यास दोन्ही घ्यावीत. 'डॉट कूप' हे २००२ पासून सुरू झालेले शेपूट केवळ सहकारी संस्थांसाठी राखलेले आहे. आपल्या एखाद्या नोंदणीकृत सहकारी संस्थेला त्याचा विचार करता येईल, एकट्या सभासदाला नाही.

२०१४ पासून 'डॉट भारत' आले आणि संपूर्ण नाव देवनागरीत लिहिण्याची सोय झाली. तेथे 'गूळ' म्हणजे गूळच, स्पेलिंगची कटकट नाही. मात्र पुष्कळ गिऱ्हाइकांच्या हाताला देवनागरी टंकनाची सवय नाही आणि ईमेलसाठी असे पत्ते सगळीकडे स्वीकारले जात नाहीत. म्हणून ते जोडीला घ्यावे, एकटे नको.

जाता जाता एक सावधगिरी. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये 'डॉट बँक डॉट इन' हे शेपूट केवळ बँकांसाठी ठेवले आणि ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत सर्व बँकांनी तिकडे जावे असे सांगितले. सरकारी कार्यालयांचे 'डॉट गव्ह डॉट इन' असते. ऊस बिलाच्या किंवा अनुदानाच्या नावाखाली मोबाइलवर दुवा आला, तर नावाचा शेवटचा भाग आधी वाचावा. फसवणारे लोक एखादे अक्षर इकडचे तिकडे करूनच सारखी दिसणारी नावे घेतात.

दुसऱ्याच्या बांधावर पाय नको

एखादे नाव मोकळे दिसले म्हणजे ते घ्यायला हरकत नाही असे नव्हे. या बाबतीत २००४ सालचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लक्षात ठेवण्यासारखा आहे. सत्यम इन्फोवे ही कंपनी १९९९ पासून 'सिफी' हे नाव वापरत होती. दुसऱ्या एका कंपनीने एक 'एफ' वाढवून 'सिफ्फी' असे नाव घेतले. डोमेन नावालाही व्यापारी नावासारखेच संरक्षण मिळू शकते असे न्यायालयाने म्हटले आणि सत्यमच्या बाजूने मनाई हुकूम कायम केला. 'डॉट इन'च्या तंट्यांसाठी लवादाची स्वतंत्र व्यवस्थाही आहे.

म्हणून नाव घेण्यापूर्वी ट्रेड मार्क रजिस्ट्रीच्या संकेतस्थळावर शोध घ्यावा. तो फुकट घेता येतो. गूळ, साखर, हळद यांचा वर्ग ३० आहे, बेदाण्याचा २९. आणि हेही ध्यानात ठेवावे की डोमेन घेतले म्हणजे ट्रेड मार्क मिळाला असे होत नाही. ती नोंदणी वेगळी आणि हा खंड वेगळा.

सातबारा कोणाच्या नावे?

आता सर्वांत महत्त्वाचे. आमच्या माहितीतील एका गुऱ्हाळवाल्याने तालुक्याच्या गावातील एका होतकरू मुलाकडून संकेतस्थळ करून घेतले. काम चांगले झाले. मुलाने डोमेन आपल्याच खात्यातून, आपल्याच ईमेलवर, आपल्याच नावे घेतले, कारण त्या दिवशी तेच सोयीचे होते. चार वर्षे नाव चालले, हजारो खोक्यांवर छापले गेले. पुढे मुलगा नोकरीसाठी परगावी गेला, त्याचा नंबर बदलला. नूतनीकरणाच्या सूचना त्याच्या जुन्या ईमेलवर येत राहिल्या. मुदत संपली आणि नाव भलत्याच्या हाती गेले. आज त्या पत्त्यावर गुळाऐवजी कसल्या तरी जाहिराती दिसतात आणि जुने गिऱ्हाईक विचारते, "गुऱ्हाळ बंद केलं का?"

त्या मुलाने फसवले असे कोणी म्हणणार नाही. पण जमीन आपली आणि सातबारा दुसऱ्याचा, असा तो प्रकार झाला. नोंदणीच्या खात्यात 'नोंदणीधारक' असा रकाना असतो. तेथे ज्याचे नाव, त्याचा हक्क. पैसे कोणी दिले, नाव कोणाला सुचले, हे त्यानंतर येते.

भावाभावांतही हा प्रश्न आहे. धाकट्याने हौसेने नाव घेतले, थोरल्याने माल पिकवला, आणि वाटणीच्या वेळी विहीर, मोटर, गोठा सगळे कागदावर आले, पण डोमेन राहून गेले. बचत गटात अध्यक्षांच्या वैयक्तिक नावावर ते असते आणि अध्यक्ष बदलल्या तरी तसेच राहते. धंदा सामाईक असेल तर नाव फर्मच्या किंवा गटाच्या नावे घ्यावे, ठराव करून इतिवृत्तात लिहावे आणि खात्याचा ईमेल धंद्याचा असावा, एका माणसाचा नव्हे. संकेतस्थळ करणाऱ्याला काम करण्यापुरता प्रवेश द्यावा, मालकी देऊ नये.

खंड चुकवू नका

नूतनीकरण विसरणे हे फक्त खेड्यात घडते असे नाही. डिसेंबर १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टसारख्या बलाढ्य कंपनीचे 'पासपोर्ट डॉट कॉम' या नावाचे ३५ डॉलर भरायचे राहिले आणि असंख्य लोकांना हॉटमेल उघडेना. अखेर एका तिऱ्हाईत संगणक तज्ज्ञाने पदरचे पैसे भरले तेव्हा सेवा सुरळीत झाली.

'डॉट कॉम'ची मुदत संपल्यावर नोंदणी कंपनी बहुधा काही दिवसांची सवलत देते. नंतर ३० दिवसांचा सोडवणुकीचा काळ असतो, पण त्यात दंड मोठा भरावा लागतो. त्यापेक्षा तीन किंवा पाच वर्षांचा खंड एकदम भरावा आणि संपण्याची तारीख घरातील दिनदर्शिकेवर, विम्याच्या हप्त्याशेजारी लिहून ठेवावी.

ज्यांचे संकेतस्थळ आधीच आहे त्यांनी

या आठवड्यात तीन गोष्टी पाहाव्यात : नोंदणीधारक म्हणून कोणाचे नाव आहे, खात्याचा ईमेल आणि पासवर्ड कोणाकडे आहे, आणि मुदत कोणत्या तारखेला संपते. नाव दुसऱ्याच्या खात्यात असेल तर संबंध चांगले आहेत तोवरच, गोडीगुलाबीने, ते आपल्या खात्यावर बदलून घ्यावे. त्यासाठी जुन्या खात्यातून एक बदली-संकेत मिळतो, तो मागून घ्यावा. हे काम एका दुपारचे आहे. उसाची नोंद आपल्या नावे झाली का हे आपण जसे गट कार्यालयात जाऊन स्वतः पाहतो, तसेच हेही स्वतः पाहावे, एवढीच आमची विनंती आहे.